काशिरामभाऊंच्या घराची फाइल

तुमच्या हातून किती घरं झाली, असं कुणी विचारलं की मी अडखळते. घरं गवंडी बांधतात, सुतार बांधतात. मी ती काढायचे. रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि माझ्या प्रमाणपत्रावर आजही ‘ड्राफ्ट्समन’ असंच लिहिलेलं आहे. बाईसाठी वेगळा शब्द करावा असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. कोर्टाजवळच्या गल्लीत एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात मी कामाला लागले. साहेब थकले तेव्हा ते ऑफिस माझ्याकडे आलं, आणि तीन वर्षांपूर्वी मी ते बंद केलं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. तुमचं घर कमरेच्या थोडं वर सुरीने आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि आत डोकावलं, तर जे दिसेल तो तुमच्या घराचा प्लॅन. तो आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचा. चुकलं तर दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, कागद न फाटू देता. पावसाळ्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि सकाळी नीट जुळलेली रेघ दुपारी सरकून बसायची. तो त्रास मी वर्षानुवर्षं शिव्या देत सोसला. आता रिकामी असले की उजव्या हाताच्या बोटांना त्याचीच आठवण येते.

माणसं घर काढून घ्यायला येतात तेव्हा भिंतींबद्दल बोलतात, पण त्यांच्या मनात दुसरंच काही असतं. अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीत सगळी नोकरी काढलेलं एक जोडपं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर जागा घेतली आणि मला म्हणाले, आमच्या क्वार्टरसारखंच घर काढा, तस्संच. मी म्हटलं, सरकारी क्वार्टर अडचणीचं असतं, स्वयंपाकघर अंधारं असतं, आता स्वतःची जागा आहे तर मोकळं काढू. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, रात्री उठलं तर दिव्याचं बटण हाताला न शोधता सापडायला हवं. मी ते अंधारं स्वयंपाकघर इंचाइंचाने तसंच काढलं. इतका सरळ, चौकोनाला चौकोन लावलेला प्लॅन मी पुन्हा काढला नाही.

मग कॉम्प्युटर आला. ड्रॉइंग बोर्डावर आठवडा जायचा ते काम दोन दिवसांत व्हायला लागलं. त्या काळात जगभर चालणारं, नकाशे काढायचं एक मोठं कॅड सॉफ्टवेअर होतं आणि आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांकडे त्याची चोरीची सीडी होती. साहेबांना ते मान्य नव्हतं. ते म्हणाले, परवडेल ते घेऊ, पण पावतीचं घेऊ. म्हणून आम्ही एका लहान कंपनीचं, स्वस्तातलं सॉफ्टवेअर रीतसर घेतलं. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढा एक ठोकळा आला. तो कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या जागी लावला तरच सॉफ्टवेअर चालायचं. साहेब त्याला कुलूप म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. गल्लीत आमचं एकट्याचं काम कायदेशीर होतं.

त्या अभिमानात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं, ते वापरायची परवानगी घेतली होती. लायसन्स म्हणजे तेवढंच. रेघा माझ्या, मापं माझी, घर गिऱ्हाइकाचं. पण त्या रेघा फाइलमध्ये कशा लिहून ठेवायच्या ती रीत कंपनीची, आणि ती रीत कंपनी कुणाला सांगत नव्हती. आपल्या दुकानात शिवलेल्या कपड्यांच्या गुंड्या आपल्याच दुकानात सुटतील, असा तो प्रकार. कुणालाही वाचता येईल अशा उघड्या फॉरमॅटमध्ये फाइलची प्रत काढायची सोय मेन्यूत होती. एखाद्या कंत्राटदाराने मागितली तर मी तशी काढून द्यायचे. एरवी कशाला, माझ्या कॉम्प्युटरवर सगळं उघडतंच आहे, असं वाटायचं.

काशिरामभाऊ माझ्याकडे आले ते उन्हातून सावलीला यावं तसे. त्यांचं गाव सावर्ड्यापासून आत. मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होते. जमिनीच्या कामासाठी कलेक्टर कचेरीत खेप झाली होती, काम झालं नव्हतं, आणि परतीच्या एसटीला वेळ होता. जिन्यावर आमची पाटी दिसली म्हणून वर आले. पाणी प्यायले, पडद्यावरच्या रेघा बघत उभे राहिले आणि मग जरा संकोचानेच म्हणाले की एक घर काढायचं आहे, पण बांधायचं नक्की नाही.

अडचण नेहमीचीच होती. जमीन वडिलांच्या नावावरची, सामाईक. थोरले भाऊ गावाला राहून ती कसत होते आणि घराच्या जागेसाठी त्यांची संमतीची सही हवी होती. ते नाही म्हणत नव्हते. बघू म्हणत होते. काशिरामभाऊ वर्षातून एकदा, मे महिन्याच्या रजेत, भावाकडे विषय काढायचे, भाऊ बघू म्हणायचे, आणि मग हे माझ्याकडे येऊन घरात काहीतरी बदल करून जायचे.

पहिल्या वर्षी ते तीन खोल्यांचं घर होतं. मुलगा महेश मोठा झाला तशी त्याच्यासाठी खोली आली. पुढे पडवी रुंद झाली, कारण गणपतीत आरतीला माणसं मावायला हवीत. एका वर्षी कँटीनमध्ये पाय घसरून गुडघा दुखावला होता, तेव्हा पायऱ्या कमी उंचीच्या आणि रुंद झाल्या. ते खुर्ची माझ्याशेजारी ओढून घ्यायचे आणि मी माउसने भिंत सरकवली की हलकेच हुंकार द्यायचे. त्यांच्या बोलण्यात ते घर उभं होतं. ‘माजघरात उकडतंय काय वो?’ असं ते मला विचारायचे, आणि मी दोन खिडक्या समोरासमोर आहेत, वारा फिरेल, असं सांगायचे. कागदावर प्रिंट मात्र त्यांनी कधी घेतली नाही. सही झाली की काढू, म्हणायचे. सहीच्या आधी घर कागदावर उतरवणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

दरम्यान ती लहान कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. दरवर्षी भाडं भरून त्यांचं दुसरं घ्या, असं पत्र आलं. मी जुन्यावरच काम रेटलं, कारण निवृत्ती जवळ आली होती. मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि कॉम्प्युटर गेला. नव्या कॉम्प्युटरला तो ठोकळा लावायची जागाच नसते. सीडींवर सगळी घरं शाबूत होती, पण ती उघडणारं आता काही उरलं नव्हतं. थोडं काम बाकी होतं ते मी हाताने पुरं केलं आणि ऑफिसला टाळं लावलं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एक बाई पत्ता शोधत माझ्या घरी आल्या. गव्हाळ, किरकोळ अंगाच्या, हातात काजूगरांची पिशवी. काशिरामभाऊंच्या पत्नी, सुलोचनावहिनी. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. मे महिन्यात भाताची भाजावळ आणि घरची कामं सोडून त्या कधी रत्नागिरीला आल्या नव्हत्या. भाऊ दिवाळीच्या सुमाराला मुंबईतच गेले, हे त्यांनी बसल्यावर सांगितलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. गावाला दिवसकार्य झालं आणि बाराव्याला थोरल्या भावाने, कुणी न विचारता, बांधा म्हणून सांगितलं. सहीसुद्धा केली.

“आता केली,” वहिनी म्हणाल्या, एवढंच. मग पिशवी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “भावजींचं मन फिरायच्या आदी जोतं वर यायला होवं. पोरगा म्हनतो, तयार पिलान मिळतात, त्यातला एक घेव. पन मी म्हनलं, रत्नागिरीच्या बायंकडं त्यांचं घर हाय.”

माझ्याकडे घर होतं आणि मला ते त्यांना देता येत नव्हतं, हे कसं सांगायचं ते मला कळेना. शेवटी मी सीडी आणून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, यात आहे, पण दाखवता येत नाही. त्यांनी सीडी उलटसुलट करून पाहिली. कुलूप लावून किल्ली हरवली काय, असं विचारलं. मी म्हटलं, किल्ली आहे, घुसवायची जागाच राहिली नाही.

गल्लीतली जुनी ओळखीची ऑफिसं मी पालथी घातली. त्या चोरीच्या सीडीवाल्यांच्या जुन्या फाइली आजही कुठेही उघडतात, कारण त्यांच्या फॉरमॅटला सगळ्यांनी सोय ठेवली आहे. माझी रीतसर फाइल कुठेही उघडेना. एकाने हसत सांगितलं, मॅडम, तुम्ही प्रामाणिकपणा जरा कमी करायला हवा होता. मीही हसले. घरी येऊन कंपनीला ईमेल लिहिलं. सभ्य उत्तर आलं: ते सॉफ्टवेअर आता चालू नाही, लायसन्स दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, आणि फाइलची रचना ही कंपनीची खासगी बाब आहे.

मी काशिरामभाऊंचं घर विसरले होते असं नाही. पण दरवर्षीच्या बदलांनी ती घरं एकमेकांवर चढली होती. पडवी कुठल्या वर्षी रुंद झाली, न्हाणीघर आत आलं की बाहेरच राहिलं, नक्की सांगता येईना. शेवटच्या मे महिन्यातही त्यांनी काहीतरी बदलून घेतलं होतं, एवढं आठवत होतं. काय ते आठवत नव्हतं.

शेवटी मी एसटीने सावर्ड्याला उतरले आणि रिक्षाने गावात गेले. वहिनींनी जागा झाडून ठेवली होती. लाल माती, मागे आंब्याची दोन कलमं, बाजूला थोरल्या भावाचं जुनं घर. मी टेप धरला, त्यांनी पांढरी फक्की टाकली. मी माझ्या आठवणीतून खोली आखायची आणि त्यांनी ‘तसं नाय’ म्हणायचं, असं दिवसभर चाललं. मला प्लॅन ठाऊक होता. त्यांना भाऊ रजेला आल्यावर रात्री जेवताना जे सांगायचे ते ठाऊक होतं. देवाची खोली मी पूर्वेला धरली होती. त्या म्हणाल्या, पूर्वेलाच, पण कोपऱ्यात नाय, मधी. त्यांचं बरोबर होतं, मला एकदम ती खोली सरकवल्याचं आठवलं. न्हाणीघराबद्दल मी ठाम होते आणि ते त्यांनी मानलं. दुपारी भावजी बाहेर आले, फक्कीच्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले, आणि घर जरा माझ्या बाजूला आलं तरी चालेल, जागा हाय, असं सांगून आत गेले. वहिनी रेघेवर उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

घरी येऊन मी माळ्यावरून बोर्ड काढला. प्लॅन शाईने काढला. पाऊस लागायच्या आत चिऱ्याचं जोतं वर आलं आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर घर उभं राहिलं.

या सगळ्यात मी आणखी एक गोष्ट केली होती. वहिनी पहिल्यांदा येऊन गेल्या त्याच आठवड्यात इंटरनेटवर शोधताना मला काही माणसांची एक मंडळी सापडली. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली वाचायचा उद्योग ही माणसं फावल्या वेळात, फुकट करतात, आणि जे सापडेल ते सगळ्यांसाठी उघडं ठेवतात. त्यातला मारेक नावाचा पोलंडमधला एक शिक्षक आमच्या फॉरमॅटच्या मागे होता. त्याच्याकडे एका चर्चच्या दुरुस्तीसाठी तशीच एक फाइल आली होती. मी त्याला आधी भीत भीत विचारलं, हे कायद्यात बसतं का? लायसन्सच्या कागदावर सॉफ्टवेअर खोलून बघायला मनाई आहे. त्याने लिहिलं की मी त्यांचं सॉफ्टवेअर पाहिलेलंही नाही, मी फक्त तुमची फाइल बघतो आहे, आणि तुमच्या रेघा तुमच्या आहेत. माझ्या कामाबद्दल असं मला याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला अशी एखादी फाइल हवी होती जिच्यात नेमकं काय आहे ते दुसरीकडून समजेल. फाइल म्हणजे नुसते आकडे. कुठला आकडा भिंत आणि कुठला दार, हे ओळखायला खरं चित्र शेजारी लागतं. मी त्याला अलोऱ्याच्या जोडप्याचं घर पाठवलं. त्यांच्याकडे प्रिंट जपलेली होती आणि त्यांनी आनंदाने परवानगी दिली. चौकोनाला चौकोन लावलेलं ते घर मारेकला फार आवडलं. त्यावरून त्याला सरळ भिंती वाचता आल्या. मग दारांचे अर्धगोल, मग जिने. महिना महिना काही यायचं नाही, मग एखाद्या रविवारी अर्धवट घर यायचं, छप्पर एकीकडे आणि खोल्या दुसरीकडे. मी चुका खुणावून परत पाठवायचे. निवृत्तीनंतर सकाळी उठून बघावं असं काहीतरी मला त्यामुळे होतं.

वहिनींची वास्तुशांत होऊन गेली आणि त्यानंतर, शिमगा जवळ आला असताना, काशिरामभाऊंचं घर उघडलं.

रेघा सगळ्या जागेवर होत्या. अक्षरांचा मात्र चुथडा झाला होता. त्या काळी मराठी टाइप करायला जो फॉन्ट वापरायचे तो आता कुठे नाही, त्यामुळे खोल्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं सांडली होती. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तीच अक्षरं त्याच क्रमाने दाबत गेले. डोक्याला काही सांगता येत नव्हतं, बोटांना येत होतं. पडवी. माजघर. देव. महेशची खोली. मी एकटीच होते आणि मोठ्याने वाचत होते.

घर जवळजवळ तेच होतं. मला समाधान वाटलं, आणि मग स्वयंपाकघराच्या पुढच्या भिंतीत तीन बारीक रेघा दिसल्या. भिंतीत अशा रेघा म्हणजे खिडकी. आम्ही बांधलेल्या घरात तिथे सलग भिंत होती. शेजारी भाऊंनी सांगितलं तसं मी टाइप केलेलं होतं: बसून रस्ता दिसेल अशा उंचीवर.

मग सगळं आठवलं. शेवटच्या मे महिन्यातला बदल हाच. एसटीच्या थांब्यावरून गावात येणारी वाट चुलीपाशी बसलेल्या वहिनींना दिसली पाहिजे, असं ते म्हणाले होते. निवृत्तीनंतर तुम्ही असणारच घरी, मग ही कशाला, असं मी विचारलं होतं. तिला सवय हाय, असं ते म्हणाले होते.

मी दोन दिवस विचार केला, सांगावं की सांगू नये. घर पुरं झालं होतं, रंग लागला होता. मग लॅपटॉप पिशवीत घालून गेले. वहिनी नव्या पडवीत कुळीथ निवडत होत्या. मी पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ते घर असं कधीच पाहिलं नव्हतं. बोटाने त्या पायरी चढल्या, पडवीतून माजघरात गेल्या, देवापाशी थांबल्या. मी स्वयंपाकघर मोठं करून खिडकी दाखवली आणि ती कशासाठी होती ते सांगितलं. चिऱ्याची भिंत आहे, कापून खिडकी बसवता येईल, असंही म्हटलं.

त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं, सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “ऱ्हावंदे बाय. आता त्या वाटंनं यायचं हाय कोन?”

मला जेवू घातलं, एसटीपर्यंत सोडायला आल्या. परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं की मारेकला लिहून कळवावं, फाइल उघडली, आता नसती उघडली तरी चाललं असतं. लिहिलं नाही.

पंधरवडा गेला असेल. सकाळी वहिनींचा फोन आला. मागे दगडावर छिन्नी चालल्याचा आवाज होता. गवंडी आला आहे, भिंतीवर खुणा करतो आहे, मापं विचारतो आहे, असं त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडता उघडता विचारलं, “महेश येणार आहे का?”

“महेश गनपतीला येल,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासाटी नाय. कोन येनार नाय ता मना ठावं हाय. पन भाकरी थापताना मान आपसूक तकडंच वळते वो, आनि म्होरं भिंत येते.”

फाइल उघडली. मी त्यांना फोन गवंड्याकडे द्यायला सांगितलं आणि जमिनीपासूनची उंची सांगायला सुरुवात केली.